एक जाणारा, एक राहणारा

आमचे घरमालक भाऊ फोटो आधी पाहायचे नाहीत, आधी मोजायचे. तुम्ही कौतुकानं मोबाइल पुढे करावा, "भाऊ, पाहा जी, माझ्या भाचीचं लगन," तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "किती एमबीचा हाय?" नवरी कशी, नवरा काय करते, सोयरीक कुठली, काही नाही. आकडा मनासारखा निघाला तर चष्मा खाली यायचा. नाहीतर मोबाइल परत हातात. "हे फळी हाय बाई. लठ्ठा कोणाजवळ हाय, त्याले मांगा."

आता हे फळी आणि लठ्ठा काय, ते सांगते. भाऊंची सगळी नोकरी लाकडाच्या सरकारी डेपोत गेली. जंगलातून सागाचे लठ्ठे यायचे, हे टेप लावून मोजायचे, टोकावर हातोड्यानं ठसा मारायचे, एकावर एक चट्ट्यात रचायचे. निवृत्त झाले आणि चामोर्शीला घरी येऊन बसले, पण डेपो काही अंगातून गेला नाही. पोरांनी हौसेनं एक काळा वजनदार कॅमेरा घेऊन दिला. तो कॅमेरा गळ्यात घालून माणूस लुंगीवर भाजी आणायला जायचा. गल्लीतली कुत्रीही आधी भुंकायची, मग ओळखीची झाली, उभी राहून फोटो काढून घ्यायची.

त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी बरीच वर्षं भाड्यानं राहिले. ब्लाऊज शिवायचे, फॉल-पिको करायचे. मला एमबी काय कळणार? पण भाऊंनी मला बसवून सांगितलं. "बाई, मोठ्या फोटोतून लहान फोटो निघते. लहान फोटोतून मोठा नाई निघत. लठ्ठ्यातून फळी निघते, फळ्या जोडून लठ्ठा होते का?" मी म्हटलं, "साडीतून झंपर निघते, झंपरातून साडी नाई निघत, असंच नं?" भाऊ खूश. घरात जाऊन वहिनींना सांगून आले, "मागच्या बाईले समजलं. तुले नाई समजत."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले समजून काय करू? भाजीत टाकू?"

भाऊंच्या लेखी फोटोंच्या दोन जाती होत्या. एक जाणारा, एक राहणारा. जाणारा म्हणजे पाठवण्यापुरता. तो ग्रुपवर गेला की तिथंच बारीक होतो, या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये घासत जातो, आणि आठ दिवसांनी कोणी विचारत नाही. राहणारा म्हणजे कॅमेऱ्यातून निघाला तसाच, पूर्ण मापाचा, डब्यात ठेवलेला. "जाणारे फोटो लोकायचे," भाऊ म्हणायचे. "मी राहणारे काढतो." आणि राहणाऱ्याला लहान करायचं पाप ते करायचे नाहीत. पाप हा शब्द त्यांचाच. "मी डेपोचा माणूस. फळ्या पाडणं आरा-मशीनवाल्याचं काम."

यानं किती भांडणं झाली म्हणता! सकाळी कोणी फुलाचा फोटो टाकून शुभ सकाळ म्हटलं, की भाऊ त्याला उलट लिहायचे, "फुलाचं तोंड झिजून गेलं. मूळ फोटो कोणापाशी आहे?" आता त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्यालाही कोणी पाठवलेला. एकदा घरच्या ग्रुपवर भाऊंनी आपल्या म्हशीचा फोटो टाकला. टाकला म्हणजे कसा, ग्रुपनं बारीक करू नये म्हणून कागदपत्र पाठवतात तसा, पूर्ण मापाचा. एक नाही, म्हैस उभी, म्हैस बसलेली, म्हैस पाणी पिताना, अशी सगळी म्हैस गेली. घुग्घुसला त्यांचा भाचा कोळशाच्या खाणीत शिफ्टवर होता. त्याचा फोन आला, मी तिथंच बसले होते.

"मामाजी, तुमच्या म्हशीनं माझा दिवसभराचा नेट खाल्ला!"

"पण शिंगं पाह्यली का? शिंगावरच्या रेघा मोजता येतात."

"मले कायले मोजाच्या जी रेघा? मी काय म्हैस घेऊन राह्यलो का?"

त्या दिवशी भाऊंना ग्रुपमधून काढलं. वहिनी राहिल्या ग्रुपमध्ये. मग घरची बातमी भाऊंना वहिनींच्या तोंडून कळायची, आणि वहिनी मुद्दाम अर्धीच सांगायच्या.

ठसा मारायची सवयही सुटली नव्हती. ज्या लठ्ठ्यावर ठसा नाही तो लठ्ठा चोरीचा, तसा ज्या फोटोला नाव नाही तो फोटो चोरीचा. कॅमेरा फोटोला आकडे देतो ना, ते त्यांना चालायचे नाहीत. ते बसून एकेकाला नाव द्यायचे. "फाटकाजवळ गाय, उजवीकडे पाहते." "डावीकडून साळभाऊ, साळभाऊची बायको, बायकोची बहीण, मध्ये शिरलेला माणूस माहीत नाही." या मध्ये शिरलेल्या माणसाचा शोध त्यांनी महिनाभर केला. शेवटी तो मंडपवाला निघाला. तेव्हा नाव बदललं, आणि मग कुठे त्यांना झोप लागली.

आणि हे सगळे फोटो ठेवायचे कुठे, तर ढोलीत. आमच्याकडे धान साठवायची बांबूची मोठी ढोली असते, शेणामातीनं लिंपलेली. पावसाळ्यात कपाटात बुरा येतो, लोखंड गंजतं, पण ढोलीतलं धान कोरडं राहतं. म्हणून भाऊंनी फोटोंची हार्डडिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर मसाल्याच्या डब्यात घालून ढोलीत खुपसली. "धान टिकते तिथी फोटो टिकते." वहिनींना सांगितलं का? नाही. वहिनींनी एक दिवस बाई लावून ढोलीतलं धान पोत्यात भरलं आणि भरडायला राइसमिलला पाठवून दिलं. भाऊ आंघोळ करून आले, ढोलीत हात घातला, आणि तसेच ओल्या पंचावर सायकलवर बसले. चामोर्शीच्या बाजारातून पंचावर सायकल चालवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आम्ही पाहिला. मिलवाल्यानं पोतं सोडलं तेवढ्यात हे पोचले. डबा मिळाला. परत येऊन घरापुढच्या छपरीत बसले आणि बराच वेळ फक्त पाणी पीत राहिले.

वहिनी म्हणाल्या, "मले सांगतलं असतं तर?"

"सांगतलं असतं तर तू काढून फेकलं असतं."

"फेकलं नसतं जी. निवडून ठेवलं असतं, खड्यासारखं."

तेव्हापासून डबे दोन झाले. एक ढोलीत आणि एक माझ्याकडे, माझ्या शिलाईच्या कपड्यांखाली. मला त्याचा मान वाटायचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

माझी माय मी रांगत होते तेव्हाच गेली. मला मोठ्या बहिणीनं वाढवलं. आम्ही तिला अक्का म्हणायचो. मायचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्या गावात फोटो कोणाचा होता? मायचं तोंड ज्यानं पाहिलं आणि अजून जिवंत आहे, असं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे अक्का. लहानपणी मी तिच्या पाठीस लागायचे, "माय कशी दिसे वं?" ती विचार करायची आणि म्हणायची, "माय दिसे तशी." बस. सांगताच यायचं नाही तिला. रागावून म्हणायची, "तोंड काय सांगून होते का? पाह्यलं तर ओळखीन."

म्हणून आमच्या घरी एक रीतच पडली. कोणाकडेही लेकरू झालं, की सव्वा महिना झाल्यावर ते अक्काकडे न्यायचं. अक्का त्याला मांडीवर घ्यायची, उजेडाकडे वळवायची, पाहायची, आणि परत द्यायची. "नाई. हे बापावर गेलं." माझ्या पोरीलाही तसंच परत दिलं होतं तिनं. आम्ही वाट पाहत राहायचो, कधीतरी कोणाच्या तरी अंगानं माय परत दिसेल म्हणून. मला तर मायची सावलीही आठवत नाही. मला दिसेल ते अक्काच्याच डोळ्यांनी.

माझ्या पोरीला मुलगी झाली, ऐन पावसाळ्यात. बाळंतपण माझ्याकडेच, त्या दोन खोल्यांत. अक्का होती भामरागडच्या पलीकडे, लेकाकडे, आणि ती खाटेला लागलेली. दम लागायचा, अन्न जायचं नाही. अक्काची सून फोनवर म्हणाली, "मावशी, जमलं तर लवकर या जी. त्या रोज विचारून राह्यल्या, लेकरू आणलं का." आणि तिकडं नदीला पूर. पुलावरून पाणी. एसटी बंद, सगळं बंद. दरवर्षीचंच ते, पण त्या वर्षी पाणी उतरायलाच तयार नाही.

मग फोटो पाठवायचा ठरलं. त्यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. त्या गावात नेटवर्क फक्त शाळेमागच्या टेकडीवर, तेही असलं तर असलं. सुनेनं पावसात टेकडी चढायची, फोटो येईपर्यंत फोन धरून उभं राहायचं, मग खाली येऊन अक्काला दाखवायचा. माझ्या जावयानं मोबाइलनं फोटो काढला, पाठवला. तिकडं नुसतं चाक फिरत राहिलं. सून भिजून परत. दुसऱ्या दिवशी जावयानं हुशारी केली, मोबाइलचा कॅमेरा अगदी बारीक मापावर ठेवला आणि पाळणा, गोधडी, मी, पोरगी, सगळ्यांचा मिळून फोटो काढला. तो गेला! आम्ही खूश. संध्याकाळी सुनेचा फोन.

"मावशी, त्या म्हणून राह्यल्या, गोधडीत लेकरू हाय का मांजर हाय?"

तोंडाच्या जागी वाटाण्याएवढा डाग. त्यात अक्काला काय दिसणार?

मी रडत छपरीत येऊन बसले. भाऊंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मायचं तोंड, अक्काचं पाहणं, पूर. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्यापाशी हाय नं."

होताच. दवाखान्यातून लेकरू घरी आणलं त्या दिवशीच भाऊंनी दारातून उजेड घेऊन त्याचा फोटो काढला होता. झोपलेलं लेकरू, तोंड जरा एका अंगावर. पापण्यांचे केस मोजता येतील असा. पूर्ण मापाचा लठ्ठा. तो त्या टेकडीवर पोचायचा म्हणजे हत्ती सुईतून न्यायचा.

भाऊ संगणकासमोर बसले. जावई बाजूला, मी मागे, वहिनी दारात. भाऊंना बारीक कसं करायचं ते येतच नव्हतं. आयुष्यात केलं नाही तर येणार कसं? जावयानं दाखवलं, "आधी कापा, मग माप कमी करा. पूर्ण फोटो लहान केला तर पुन्हा मांजरच होईन." 

"सगळं पाठवाले गेले म्हणून काहीच नाई गेलं," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "बाई, अक्का काय पाह्यन?"

"तोंड."

"तोंडातलं काय? डोळे? नाक? हनवटी?"

"मले माहीत असतं तर तिले कायले विचारलं असतं जी?"

पाळणा कापला. गोधडी कापली. माझ्या पोरीचा हात होता लेकराच्या छातीवर, तोही कापला. रंग काढून काळा-पांढरा केला, त्यानं आणखी हलका होतो म्हणे. तरी जावई म्हणे, "अजून थोडं." भाऊंनी चौकट सरकवली, गालापाशी आणली. "हे कान बाहेर जाऊ देतो. कानात काय पाह्यन म्हातारी?"

मी म्हटलं, "राहू द्या जी भाऊ. आपल्याले माहीत नाई, मग कापता कायले?"

ते थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं. "हे बरोबर बोलल्या," म्हणाले, आणि चौकट परत मागे घेतली. कान राहिला. त्याच्या बदल्यात वरचं टाळूवरचं जावळ गेलं.

मग शेवटचं बटण. संगणक विचारत होता, लहान करू का? भाऊंचा हात उठेना. "जावई, तुमी दाबा."

दारातून वहिनी म्हणाल्या, "दाबा नं जी, कोणाचा गळा दाबून राह्यले का? डब्यात तुमचा लठ्ठा तसाच हाय नं!"

भाऊंनी डोळे मिटले आणि दाबलं.

फोटो गेला. त्या दिवशी उत्तर नाही. पाऊस धो धो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्लाऊजचं कापड कापत होते तेव्हा मोबाइल वाजला. सुनेनं अक्काचा आवाज खाली घरी भरून घेतला होता आणि टेकडीवरून सोडला होता. आम्ही छपरीतच ऐकला. आधी छपराच्या कवेलूंवरच्या पावसाचा आवाज, कोंबडी, मग अक्काचा दम.

"आयक वं लहानी. तोंड नाई मायचं. तोंड बापाकडचं हाय, चपटं."

आवाज चालूच होता. दम घेऊन घेऊन ती बोलत होती.

"पण कान पाह्य. कान मायचा हाय. पाळी अशी गालाले चिकटून हाय नं, मायचीबी तशीच होती. बाळी घातली का तिरपी लटके. मी लहान होती तवा तेच वढत राहो. कडेवरच्या लेकराले मायचं तोंड कुठी दिसते वं? कानच दिसते. मी आजवर सगळ्यायचं तोंडच पाहत बसली. मायचं तोंड तर मलेच नाई आठवत, कान आठवते. आली वं माय. नीट ठेवजो तिले."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी आपल्या कानाला हात लावून पाहिला, माझी पाळी सुटी आहे. पोरीची पाहिली, तिचीही सुटी. लेकरू पाळण्यात झोपलेलं, कान वर करून.

भाऊ उठले. "मी कापूनच राह्यलो होतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. ढोलीतून डबा काढला. मोठा फोटो उघडला आणि त्यातला फक्त कान मोठा करत गेले, पडदाभर. पाळी गालाला कशी मिळते, तिथली बारीक घडी, घडीतली लव, सगळं दिसत होतं. माझी माय मी पहिल्यांदा अशी पाहिली, भाऊंच्या मागे उभी राहून, हातात कात्री तशीच.

पूर ओसरला, रस्ता मोकळा झाला, तोवर अक्का गेली होती. आम्ही तिच्या तेरवीला पोचलो. सून म्हणाली, शेवटपर्यंत मोबाइल उशाशी होता, बॅटरी संपली तरी हातात धरायच्या.

भाऊंनी तो कान गडचिरोलीहून छापून आणला, तळहाताएवढा, काचेच्या चौकटीत. मागच्या बाजूला त्यांचा ठसा, म्हणजे नाव: "उजवा कान. मागच्या बाईंच्या मायचा. सध्या बाईंच्या नातीजवळ ठेव." तो माझ्या भिंतीवर आहे. जावई म्हणतो, आता खरंच भिंतीला कान आले. येणारे-जाणारे विचारतात, हे काय लावलं? मी सांगते, माझी माय आहे. काही हसतात. काही बसून ऐकतात.

त्यानंतर भाऊ बदलले, असं मी म्हणणार नाही. चष्मा कपाळावरच राहिला, एमबी विचारणंही तसंच. पण बाजाराच्या दिवशी कोणी "भाऊ, मोबाइल भरला, काय पुसू?" म्हणत आलं, की आता म्हणायचे, "प्रत्येकाचे दोन ठेवा. एक जाणारा, एक राहणारा. जाणाऱ्यालेबी हलक्या हातानं कापा. कोण काय पाह्यन, आपल्याले माहीत नसते." भाच्यानं त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं. म्हशीचा फोटो पुन्हा गेला, पण या वेळी फक्त शिंग, तेही लहान करून.

भाऊ गेले तेव्हा पोरं फोटो शोधायला लागली, तेरवीला हार घालायला. सगळ्यांकडे भाऊंनी काढलेले फोटो, भाऊंचा एकही नाही. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडचा डबा काढा." काढला. त्यात एक फोटो होता, कॅमेरा स्टुलावर ठेवून स्वतःच काढलेला. पांढरा सदरा, केस ओले करून बसवलेले, चष्मा खाली, डोळ्यांवर, जिथं तो क्वचितच असायचा. नाव दिलं होतं: "तेरवीसाठी. डावीकडून पहिला मी. उजवीकडूनही मीच. मध्ये कोणी शिरलेलं नाही."

वहिनी वाचून आधी हसल्या, मग रडल्या.

आता मी पोरीकडे राहते. नात मोठी होत चालली. मागच्या आठवड्यात तिचे कान टोचले. सोनार म्हणाला, "आजी, पाळी चिकटलेली हाय, बाळी सरळ नाई लटकणार." मी म्हटलं, तिरपीच लटकू दे. दुखतं म्हणून सारखी कडेवर चढते, मला आता पेलत नाही तरी घेते. तिला माझा कान दिसतो, मला मायचा.